पहाटे काठावर आलेल्या गोगलगायी

एप्रिलची पहाट, साडेपाच वाजले असतील. निफाड तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेला लागून शेततळं आहे. पालखेडच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की ते भरून घ्यायचं आणि उन्हाळा त्यावर काढायचा, हा त्या भागातला सगळ्यांचाच हिशेब. मामा मोटर चालू करायला निघाले होते. माझी झोप मोडलेली, म्हणून मीही मागोमाग गेले. टॉर्चचा झोत कागदावर पडला (तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकला तिकडे कागदच म्हणतात) आणि पाण्याच्या रेघेवर गोगलगायींची माळ दिसली. एकीला एक खेटून बसलेल्या. काही तर पाण्याच्या चार बोटं वर, कोरड्या कागदावर.

"उष्णतेनं आल्यात वर," मामा म्हणाले.

"मामा, अजून दिवस उगवायचाय. आत्ता तर पाणी सगळ्यात गार असतं."

"मग तूच सांग. शिकलेली तू."

मी तेव्हा काही बोलले नाही. दुपारी चार वाजता, ऊन रणरणत असताना, परत बांधावर गेले. काठावर एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या खाली, उतारावर पसरून निवांत चरत होत्या. म्हणजे उष्णतेचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. पाणी मात्र पोपटी झालं होतं, एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यांचा गुंता तरंगत होता आणि मामांनी मोरचुदाची (म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची, कॉपर सल्फेटची) पिशवी शेडमधून काढून ठेवली होती. त्यांचं दुखणं वेगळंच. शेवाळामुळं ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागत होता. गोगलगायी जगतात की मरतात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आणि का असावं? पण त्या माळेनं तळ्याची जी तब्येत सांगितली होती ती फिल्टरपेक्षा आधी सांगितली होती, एवढं मला त्यांच्या गळी उतरवायचं होतं.

आपल्याकडे साधी समजूत अशी की गोगलगाय शेवाळ खाते, तेव्हा जितकं शेवाळ जास्त तितकी तिची चंगळ. ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी गोष्ट शेवाळ कोणतं, ते कशाला चिकटलंय आणि घड्याळात किती वाजलेत यावर ठरते.

शेवाळ हा शब्द आपण फार सढळ हातानं वापरतो. पावसाळ्यात पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर मखमलीसारखं उगवतं ते शेवाळ, घाटाच्या पायरीवरून पाय सटकतो ते शेवाळ, आणि न वापरलेल्या हौदात पाणी हिरवंगार होतं तेही शेवाळच. भिंतीवरचं ते मॉस, त्याचा इथं संबंध नाही. पाण्यातलं जे आहे त्याचे गोगलगायीच्या दृष्टीनं चार अवतार होतात. दगडावर, कागदावर, कमळाच्या देठावर बसणारा पातळ बुळबुळीत थर हा पहिला. त्यात हिरव्या पेशी असतात, तपकिरी डायटम (एकपेशी सूक्ष्म शेवाळ) असतात, जिवाणू असतात आणि हे सगळं एकाच चिकट लेपात कालवलेलं असतं. दुसरा अवतार पाण्यातच सुटा तरंगतो. एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण कोट्यवधी झाल्या की पाणी पोपटी होतं. तिसरा म्हणजे लांब दोऱ्यांचे पुंजके. शाळेच्या पुस्तकातलं स्पायरोगायरा आठवत असेल, ते आणि त्याचे भाऊबंद. चौथा अवतार तोतया आहे, त्याच्याकडे पुढं येते.

गोगलगायीचं खरं जेवण म्हणजे पहिला अवतार, तो बुळबुळीत थर. तिच्या तोंडात रॅड्युला नावाची एक पट्टी असते. लांब, लवचीक आणि तिच्यावर ओळीनं बारीक दात. आपली खोबरं किसायची किसणी सापाच्या जिभेसारखी आतबाहेर करता आली असती तर जसं होईल तसं. पुढचे दात झिजतात, मागून नवे सरकत येतात. मामांच्या तळ्याच्या काळ्या कागदावर हे काम फार छान दिसतं. सगळीकडे तपकिरी-हिरवा लेप, आणि त्यावर मध्येच स्वच्छ काळी नागमोडी रेघ, जणू कुणी बारीक ब्रशनं डावीउजवीकडे झटके देत पुढं गेलंय. गोगलगाय मान हलवत, किसत जाते, म्हणून ती नक्षी. पाणी थोडं उतरलं की दहा मिनिटं बांधावर बसून बघाच.

आणि ती चालते ती पोटावरच. 'गोगलगाय न पोटात पाय' असं आपण एखाद्या आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. गंमत अशी की शास्त्रज्ञांनी तिच्या वर्गाला दिलेलं गॅस्ट्रोपोडा हे ग्रीक नावसुद्धा शब्दशः तेच सांगतं: पोट आणि पाय.

तर हा लेप कमी पडला की काय होतं? याचा धडा मी घरीच गिरवला. नाशिकला आमच्या मागच्या अंगणात कमळाची सिमेंटची टाकी आहे. एका दिवाळीत साफसफाईच्या झपाट्यात मी ती काथ्यानं आतून घासून लख्ख केली, कुंडी धुतली, जुनी पानं काढली. दिसायला टाकी सुरेख झाली. पुढच्या काही आठवड्यांत गोगलगायींनी अंडी घालणं थांबवलं. एरवी पानाच्या खालच्या बाजूला त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक जेलीसारखे तुकडे हमखास सापडायचे. पोट भरेना म्हटल्यावर गोगलगाय आधी अंड्यांवरचा खर्च तोडते, मग कवच वाढवणं थांबवते आणि शेवटी अंगातलं मांस वापरायला लागते. आतलं शरीर आक्रसलं की ती कवचाच्या बरीच आत दिसते, जणू मोठ्या भावाचा सदरा घातलेलं पोर. मी त्या काळात कोबीचं उकडलेलं पान टाकून पाहिलं. त्या खात होत्या, पण लेप परत बसेपर्यंत जोर असा आला नाही. डायटममध्ये तेलाचा अंश चांगला असतो, कोबीच्या पानात तो कुठून येणार? तेव्हापासून टाकीची एकच बाजू घासते, बाकी तीन त्यांच्या.

हिरव्या पाण्याचं मात्र उलट आहे. तरंगणाऱ्या पेशी किसता येत नाहीत. त्यामुळं ॲक्वेरियमच्या दुकानात 'चार गोगलगायी सोडा, पाणी काचेसारखं होईल' असं सांगतात तेव्हा मी हसून घेते. आपल्या तळ्यांत जी गोल, थोडी उभट, तोंडाला झाकण असलेली गोगलगाय सापडते (बेलामिया म्हणून जुन्या पुस्तकांत, आता फिलोपालुडिना) ती कल्ल्यांनी थोडंफार गाळून खाते खरी. पण खत मिळालेलं तळं हिरवं व्हायचा वेग आणि तिचा गाळायचा वेग यांची शर्यतच होत नाही. शिवाय पाणी दाट हिरवं झालं की ऊन तळापर्यंत पोचत नाही आणि खालचा लेप उपाशी मरतो. ताट भरलेलं दिसतं, पण ते दुसऱ्याचं.

दोऱ्यांच्या शेवाळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोवळं असताना कुरतडतात, जून झालं की सोडून देतात. पिल्लं मात्र त्या गुंत्यात लपून वाढतात, कारण दोऱ्यांवरही डायटमची बारीक पुटं चढलेली असतात.

आता पहाटेच्या माळेकडे येऊ. हिशेब साधा आहे: दिवसा जमा, रात्री खर्च. ऊन असताना शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. दुपारी दोऱ्यांच्या गुंत्यावर मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात ते त्याचेच. सूर्य मावळला की जमा बंद. पण श्वास तर शेवाळालाही घ्यावा लागतो, माशांनाही, गोगलगायींनाही, आणि तळाशी सडणाऱ्या पाल्यावर बसलेल्या जिवाणूंना तर सगळ्यात जास्त. रात्रभर नुसता खर्च. सगळ्यात खडखडाट होतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. शेवाळ थोडं असेल तर या चढउताराचं काही वाटत नाही. ते दाट झालं की दुपारी पाण्यात मावतो त्याहून जास्त ऑक्सिजन आणि पहाटे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्याही खाली, असे झोके सुरू होतात.

मुळात गरम पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. नाशिक उंचावर, म्हणून आपल्याकडे आणखी थोडा कमी. त्यात उन्हाळ्यात सगळ्या प्राण्यांची भूक आणि श्वास वाढलेला. आणि एखाद्या दिवशी अवकाळीचं आभाळ भरून आलं की दिवसाची जमाच होत नाही, तेव्हा दुसरी पहाट सगळ्यात वाईट. गारपीट म्हटलं की द्राक्षवाल्यांचं काळीज हलतं ते वेगळ्या कारणानं, पण तळ्यातल्या जिवांनाही ते आभाळ सोसत नाही.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी, नाहीतर माळ पाहून चुकीचा निष्कर्ष निघतो. आपल्या तळ्यांतल्या गोगलगायी दोन गटांत मोडतात. झाकणवाली ती गोल गोगलगाय आणि स्क्रूसारखी लांबट, चिखलात घुसून राहणारी मेलॅनॉइडिस, या दोन्ही कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला की यांची कोंडी. दुसऱ्या गटाला झाकण नसतं आणि त्यांना फुप्फुसासारखी पोकळी असते. पातळ, टोकदार कवचाची लिम्निया आणि चकलीसारखी चपटी गुंडाळलेली इंडोप्लॅनॉर्बिस या त्यातल्या. या वर येतात, कवचाच्या कडेशी एक छिद्र उघडतात, हवा भरून घेतात आणि परत खाली. लिम्निया तर कधी कधी पाण्याच्या पाठीला उलटी लटकून छताला चालावं तशी चालते. चकलीवालीच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, चिरडली गेली तर लाल रक्त दिसतं. बहुतेक बाकीच्या गोगलगायींचं रक्त तांब्यावर चालतं आणि फिकट निळसर असतं.

त्यामुळं पाण्याच्या वर लिम्निया दिसली तर त्यात बातमी काही नाही, तो तिचा रोजचा रतीब. पण कल्लेवाली, झाकणवाली गोगलगाय रेघेवर येऊन बसली, तीही पहाटे, आणि दुपारी खाली गेली, तर पाण्यातला ऑक्सिजन रात्री संपतोय. मामांच्या कागदावर ज्या ओळीनं बसल्या होत्या त्या जवळजवळ सगळ्या झाकणवाल्या होत्या. आणि पहाटेसारख्याच दुपारीही त्या वरच राहिल्या, कोरड्या कागदावर चढून बसल्या, तर पाण्यात काहीतरी झोंबतंय असं समजायचं. कल्ल्यांना त्रास झाला की त्या झाकण लावून गप्पही बसतात. ते जास्त धोक्याचं, कारण बाहेरून त्या शांत दिसतात.

झोंबणारं काय असू शकतं? एक उत्तर शेवाळातूनच येतं. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) वर चढतो. दाट हिरव्या तळ्यात दुपारी तो ९ च्या पलीकडे जाऊ शकतो. नुसता सामू गोगलगायीला फारसा नडत नाही, अमोनियाशी त्याची जोडी जमली की नडतो. गोगलगायींची लघवी, माशांची विष्ठा, सडका पाला यांतून पाण्यात अमोनिया येतोच. सामू ७ असेल तर २५ अंशांच्या पाण्यात त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग ३६ टक्क्यांच्या घरात जातो. अमोनिया एक थेंबही वाढलेला नसतो, तरी सकाळचं निरुपद्रवी पाणी दुपारी कल्ले जाळतं.

कवचाचाही याच्याशी संबंध आहे. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूचं भावंड. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरे चट्टे उठतात, स्वयंपाकघरात त्याची कटकट, पण गोगलगायींना ते पाणी मानवतं. सामू फार चढला की हाच चुना पाण्यातून सुटून पानांवर पांढऱ्या पुटासारखा बसतो आणि पाण्यात विरघळलेला कॅल्शियम कमी होतो. उलट, मऊ आणि आंबट पाण्यात कवचाचं टोक आधी झिजतं, कारण तोच भाग सगळ्यात जुना. झिजलेली, पांढरट पडलेली टोकं दिसली तर बोटानं चिखल उकरून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर तळाचा पाला काढायची वेळ झाली.

आता तो तोतया. निळंहिरवं शेवाळ म्हणतो, पण ते शेवाळ नसून जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. मायक्रोसिस्टिस हा त्यातला ठळक प्रकार. त्याच्या पेशींत हवेचे सूक्ष्म फुगे असतात, म्हणून वारा पडलेल्या सकाळी तो वर येऊन रंगाच्या सायीसारखा पसरतो, आणि वारा सुटला की एका काठाला गोळा होतो. ओळखायला सोपा उपाय: काडी फिरवा. दोऱ्याचं शेवाळ काडीला केसांसारखं गुंडाळतं. हा काडीवर हिरवा ऑइलपेंट लागावा तसा लागतो. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृतावर घाला घालणारं विष बनवतात. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरमागे १ मायक्रोग्रॅम घातली आहे, यावरून त्याचा जहालपणा कळावा. फ्रान्समधल्या प्रयोगांत लिम्निया जातीच्या गोगलगायींना असं विषारी खाद्य दिलं तेव्हा त्यांची वाढ मंदावली, अंडी घटली आणि विष त्यांच्या पचनग्रंथीत साठलं. गोगलगाय लगेच मरत नाही, हीच अडचण. तिला खाणारं बदक किंवा मासा ते विष पुढं नेतो. असं पाणी जनावरांना दाखवूसुद्धा नये आणि त्यात हात घालून तपासत बसू नये.

एवढं शेवाळ येतं कुठून, हा प्रश्न मामांनी स्वतःच विचारला. "कालव्याचं पाणी तर स्वच्छ आलं होतं."

त्याचं उत्तर तळ्याच्या काठावरच उभं होतं, निळा ड्रम. द्राक्षाला ठिबकमधून विद्राव्य खतं सोडायचा तो ड्रम. बारा एकसष्ट, झिरो बावन्न चौतीस, ही नावं निफाड-दिंडोरीत पोरांनाही पाठ असतात. त्यातले एकसष्ट आणि बावन्न हे आकडे फॉस्फरसचे, तेही ऑक्साइडच्या रूपात मोजलेल्या. ड्रम धुतलेलं पाणी दरवेळी उतारानं थेट तळ्यात जात होतं. गोड्या पाण्यात शेवाळाचा हात आखडलेला असतो तो बहुधा फॉस्फरसमुळंच. १९७३ मध्ये कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात तेच आणि वर फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला होता तसा राहिला. आकाशातून घेतलेला तो फोटो जगभर फिरला. हिशेब करून पाहिला तर १२:६१:०० च्या एका किलोत पाव किलोहून थोडा जास्त निव्वळ फॉस्फरस असतो, आणि तेवढ्यावर, बाकी सगळं अनुकूल असेल तर, वाळलेल्या वजनात २५ किलोच्या पुढं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. मामा ड्रमकडे बघत राहिले. खताच्या पिशवीची किंमत त्यांना ठाऊक होती, शेवाळाला ती फुकट जात होती हे नव्हतं.

मोरचुदाबद्दल मात्र आमचं वाजलं. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची फवारणी) करणाऱ्या माणसाला मोरचूद म्हणजे घरचं औषध. करपा, डाऊनी, सगळ्यावर तेच. आणि खोटं कशाला सांगा, शेवाळ त्यानं मरतं. पण तांबं गोगलगायींनाही मारतं, इतकं हमखास की जनावरांना जंतांची लागण करणाऱ्या गोगलगायी संपवायला जगात कित्येक वर्षं मोरचूदच वापरला गेला. मी हे पुस्तकातून शिकले नाही. कमळाच्या टाकीत एकदा चिमूटभर टाकला होता. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं निवळलं होतं आणि तळाशी तोंड उघडी पडलेली कवचं. तिसऱ्या दिवशी मेलेलं शेवाळ आणि मेलेल्या गोगलगायी एकत्र कुजायला लागल्या, पाण्याला वास आला, आणि आठवड्याभरात पाणी पुन्हा हिरवं. यात आश्चर्य नव्हतं. फॉस्फरस टाकीतच होता, आणि लेप किसणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"पण गोगलगायी हव्यात कशाला मला?" मामांचा मुद्दा. "जास्त झाल्या तरी वाईटच ना?"

यात मामा बरोबर होते आणि मला ते कबूल करावं लागलं. गोगलगायी भरपूर म्हणजे तळं निरोगी, असं अजिबात नाही. गुराढोरांच्या यकृतात शिरणारा चपटा कृमी, ज्याला पशुवैद्य लिव्हर फ्लूक म्हणतात, आपलं अर्धं आयुष्य लिम्नियाच्या पोटात काढतो. इंडोप्लॅनॉर्बिसमधून निघणारे कृमी गुरांच्या नाकात जाऊन घरघर लावतात. म्हणजे शेवाळाचा लेप वाढला, गोगलगायी वाढल्या, की पाठोपाठ कृमींची संधी वाढते. अमेरिकेत २००८ मध्ये बेडकांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं यात एक तिढा दाखवला. ॲट्राझीन हे तणनाशक (आपल्याकडे मका आणि उसात फवारतात तेच) तळ्यात उतरलं की तरंगणारं शेवाळ मरतं. पाणी स्वच्छ दिसतं. ऊन तळापर्यंत पोचतं आणि चिकटलेला लेप फोफावतो. गोगलगायी वाढतात, त्यांच्यातून बेडकांना कृमींची लागण वाढते. नितळ पाणी बघून आपण खूश, आणि खाली वेगळाच कारभार.

यात आणखी एक बारकावा. कृमी शिरलेली गोगलगाय बऱ्याचदा अंडी घालणंच बंद करते. तिची सगळी ताकद कृमी स्वतःच्या पिल्लांसाठी वळवून घेतो. तेव्हा अंडी दिसत नाहीत म्हणून दरवेळी उपासमारच समजू नये. लेप भरपूर आहे, गोगलगायी जाडजूड आहेत आणि तरी अंडी नाहीत, तर त्या तळ्यावर म्हशी पाजू नयेत, एवढं मी मामींना सांगून ठेवलं. गोठा त्यांच्या ताब्यात.

मग करायचं काय? मामांनी जे केलं ते सांगते, त्यातलं निम्मं त्यांचंच डोकं. ड्रम तळ्यापासून लांब, बागेच्या खालच्या अंगाला नेला, धुतलेलं पाणी पहिल्या ओळीलाच मिळेल असा. दोऱ्यांचा गुंता बांबूला दाताळं बांधून ओढून काढला आणि वाळायला न ठेवता थेट कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला, कारण काठावर ठेवला तर त्यातलं खत पाझरून परत तळ्यात. तळ्याच्या एका बाजूला जुनी शेडनेट ताणली. मोटर पहाटे चारला लावून पाण्याचा थोडा भाग वरून पडेल असा पाइप फिरवला, म्हणजे खर्चाच्या वेळीच हवा मिसळते. आणि हिरवेपणा मोजायला जुनी स्टीलची ताटली दोरीला बांधली. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीला गाठ. इटलीच्या सेक्की नावाच्या पाद्र्यानं १८६५ मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून हेच केलं होतं, आणि ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. मत्स्यशेतीवाले वीतभर ते दोन वितींपर्यंत ताटली दिसावी असं धरतात. मामांची पहिल्या दिवशी चार बोटांवर गेली होती.

तळ्यात जीव वाचवायला जे दोर सोडलेले असतात त्यातल्या दोन दोरांमधला काठ आम्ही ठरवून टाकला. पहाटे तेवढ्या पट्ट्यातल्या झाकणवाल्या मोजायच्या. पहिल्या मोजणीत त्रेसष्ट होत्या.

मे संपता संपता मामांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, "अगं, आज नऊ."

"वा! आणि ताटली?"

"वीतभर. पण फिल्टर अजून चोक होतोयच की. आता त्यात तुझ्या गोगलगायींची पिल्लं निघायला लागलीत."